कमोडोर ६४ च्या कीबोर्डवरचा बदाम: फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

कमोडोर 64 या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरच्या बदामासारख्या चिन्हांचा फोटो आणि खाली "1982 मध्ये या मशीनसाठी बनवलेलं जगातलं पहिलं इमोजी" असा मेसेज सगळीकडे फिरतोय. तो चुकीचाय. ही चिन्हं त्याच कंपनीच्या 1977 च्या कमोडोर पेट या कॉम्प्युटरवरच होती, म्हणून तर चिन्हांच्या त्या सेटला पेटस्की (PETSCII) म्हणतात, 64 ने तो फक्त पुढे चालवला. पेटला पिक्सेलवार चित्र काढायची सोयच नव्हती, 40 कॉलम 25 ओळी एवढाच स्क्रीन, त्यामुळे रेघा, कोपरे, चौकोन जोडूनच गेमचे नकाशे न् चौकटी बनायच्या, आणि काय सुंदर बनायच्या!

बदाम पण भावना दाखवायला नव्हे, पत्त्यांसाठी. व्हाइस एम्युलेटरमध्ये (जुना कॉम्प्युटर आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) 64 चालू करून स्वतः बघा, शिफ्ट धरून ए दाबलं की इस्पिक, एस ला बदाम, झेडला चौकट, एक्सला किलवर. मग कमोडोर की (64 च्या कीबोर्डवरची कंपनीच्या चिन्हाची की, व्हाइसमध्ये तिच्या जागी ठरवलेली) आणि शिफ्ट एकत्र दाबा, चारही जाऊन तिथे कॅपिटल अक्षरं येतात, म्हणजे ही साधी 8 बाय 8 ठिपक्यांची अक्षरंच.

प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपमध्ये हे टाका.