कंट्रोल एफ नाइन दाबा आणि धन्य व्हा

मागच्या मंगळवारी दुपारी भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे, त्या दिवशी सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची प्रॅक्टिकल परीक्षा होती. "मामा, अख्खा प्रोग्रॅम लिहून झाला होता रे. पुस्तकात दिलंय तसं रन करायला कंट्रोल एफ नाइन दाबलं, तर विंडोच गायब. परत उघडलं तर काहीच नाही." सेव्ह केलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "होतं असं. आपल्याकडे मेनूतूनच रन करायचं असतं, तुला माहीत नाही?" वीस मिनिटं उरली होती. तिनं पुन्हा लिहायला घेतलं, निम्म्यावर आली आणि वेळ संपली.

हे सगळं मी कळवळून आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर लिहिलं. वाटलं, चार जण हळहळतील, दोघं शिव्या घालतील. पहिलाच मेसेज आला, "अहाहा! अजून टर्बो सी आहे? डोळे पाणावले यार." (टर्बो सी म्हणजे सी-चे प्रोग्रॅम लिहून तिथेच चालवायचं, डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातलं सॉफ्टवेअर. आम्ही त्यावरच शिकलो.) मग कुणीतरी त्या निळ्या स्क्रीनचा फोटो टाकला, त्याखाली बदामांची रांग. कुणाला आउटपुट बघायचं ऑल्ट एफ फाइव्ह आठवलं, कुणाला लॅबबाहेर काढून ठेवलेल्या चपला आठवल्या, एकाला लॅबमधली कुणीतरी आठवली. पोरीचे गेलेले मार्क कुणालाच आठवले नाहीत.

तेव्हा लक्षात आलं, आपली पिढी आता गहिवरण्याच्या वयाला पोचली आहे. पण गहिवरायचं कसं, याचं शिस्तशीर मार्गदर्शन मराठीत नाही. ती उणीव भरून काढतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

सुरुवात मेमरीपासून करा. "६४० केबीमध्ये आम्ही काय काय केलं!" हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी घरातल्या तरुण माणसांसमोर आलं पाहिजे. (डॉसच्या प्रोग्रॅमना मेमरी तेवढीच मिळायची.) म्हणताना नजर छताकडे. प्रत्यक्षात काय केलं, ते मात्र सांगू नका. कॉन्फिग डॉट सिस या सेटिंगच्या फाइलमधल्या ओळी वरखाली केल्या, हायमेम आणि ईएमएम ३८६ या मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या विनवण्या केल्या, माउसचा ड्रायव्हर वरच्या मेमरीत कोंबला, दर खेपेला मशीन पुन्हा सुरू केलं, असा अख्खा शनिवार घालवून जी काही मेमरी मोकळी झाली त्यात गेम खेळलो. मुलं हुशार असतात, विचारतील, "म्हणजे गेम खेळायला एवढं?"

फ्लॉपीबद्दल बोलताना 'टिकाऊ' हा शब्द टाळा.

जेवताना मधेच "कंट्रोल के बी, कंट्रोल के के" असं पुटपुटा. घरचे काळजीत पडतील, पण पंगतीत वर्डस्टार या जुन्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर (त्यात मजकुराचा तुकडा असा निवडत) हात बसलेला एखादा पाहुणा असेल तर त्याचा घास तिथेच थांबेल.

सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं का, असं कुणी विचारलं तर विषय बदला. फारच रेटलं तर सांगा की १९८३ साली टर्बो सी-वाल्या बोरलँड कंपनीनं पास्कल या भाषेसाठीचं टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरना बाजारात आणलं आणि तेव्हा एवढ्या कमी किमतीत कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला समजेल असा करून देणारं सॉफ्टवेअर) मिळतो यावर लोकांचा विश्वास बसेना. आम्हाला त्याहूनही स्वस्त पडलं. कोरी फ्लॉपी, आणि कॉपी करून देणाऱ्या सीनियरला एक चहा.

व्हायरससुद्धा सोज्ज्वळ होते म्हणा. यावर माझी अजिबात हरकत नाही, कारण पुरावा आहे. १९९० साली भारतात एक व्हायरस सापडला, त्याचं नाव जोशी. ५ जानेवारीला मशीन सुरू केलं की पडद्यावर फर्मान यायचं: 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. टाइप केलंत की मशीन पुढे हलायचं. आजचे व्हायरस खंडणी मागतात, हा फक्त शुभेच्छा मागायचा. (जोशींच्या घरात पेढ्याशिवाय वाढदिवस होत नाही, तेवढं मागायचं तो विसरला असावा.) शिवाय आपल्या फ्लॉप्यांतून इतकी रोगराई पसरली की पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या एका दुकानातून क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी उभी राहिली. एवढी रोजगारनिर्मिती आजच्या कुठल्या पेन ड्राइव्हनं केली?

फॉक्सप्रोबद्दल, म्हणजे माहितीचे तक्ते सांभाळणाऱ्या त्या सॉफ्टवेअरबद्दल, मात्र खरंच भरून येऊ द्या. ते चांगलंच होतं. 'यूज' म्हणून टेबल उघडायचं, 'ब्राउज' म्हटलं की अख्खा पगारपट समोर. कमी शिकलेल्या कारकुनालाही जमायचं आणि कमी बिघडायचं. इथे मी उपरोध करत नाहीये.

मराठी टायपिंगच्या आठवणींसाठी थोडी तयारी लागते. जुनी सीडी शोधा. माझ्याकडे आजोबांच्या आठवणींची आहे. दोनशेच्या वर पानं, १९९९ साली एका डीटीपीवाल्याकडे बसून टाइप करून घेतलेली. परवा फाइल उघडली. आजोबा कुठेच नाहीत. डोक्यावर टोप्या आणि टिंबं घातलेल्या रोमन अक्षरांची पलटण तेवढी उभी. तो फॉन्ट हवा, आणि त्या फॉन्टचं पॅकेज चालवायला प्रिंटरच्या पोर्टला लावायचं एक कुलूप हवं, आणि ते पोर्ट आता कुठल्याच मशीनला नसतं. डीटीपीवाला वारला. त्याचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो.

युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षर तेच राहावं म्हणून ठरवलेल्या पद्धतीत, देवनागरी १९९१ सालीच आली होती बरं का. विंडोज २०००पासून तर ती साध्या मशीनवरही चालायला लागली. तरी आजही पत्रिका छापायला जा, समोरचा तोंड वाकडं करून विचारतो, "युनिकोड? ते नाही चालत आमच्याकडे. जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करून आणा." आणि कन्व्हर्ट करताना एखादा रफार इकडचा तिकडे झाला की नवरदेवाचं आडनाव जन्मभरासाठी बदलतं. यावर "जुन्या फॉन्टची वळणं काय सुंदर होती!" असं म्हणायला विसरू नका. सुंदर होती खरी. वाचता येत नाहीत एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. आठवण स्वतःपुरती ठेवू नका, अभ्यासक्रमात घाला. घरात उसासे टाकून फार तर बायको उठून जाते. अभ्यासक्रमात घातली की दर वर्षी नवी पन्नास-साठ पोरं हलू न शकता समोर बसलेली मिळतात. कृती सोपी आहे. टर्बो सी पहिल्यांदा १९८७ साली आलं. त्याच घराण्यातलं टर्बो सी प्लस प्लसचं (सी प्लस प्लस म्हणजे सी-वरून पुढे वाढवलेली भाषा) तीन नंबरचं व्हर्जन नव्वदीच्या सुरुवातीचं, तेच घ्या. ते आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर चालणारच नाही, घाबरू नका. आधी डॉसबॉक्स टाका. डॉसबॉक्स म्हणजे चांगल्या-भल्या नव्या मशीनच्या पोटात उभं केलेलं डॉसचं खोटं मशीन. हौशी लोकांनी ते जुने गेम खेळता यावेत म्हणून बनवलं. त्यांचं लक्ष गेमकडे होतं, त्यामुळे त्यांनी चटकन बाहेर पडायला एक सोयीची जोडी ठेवली: कंट्रोल एफ नाइन. दाबलं की डॉसबॉक्स जागच्या जागी बंद, काही विचारणं नाही. आणि टर्बो सीमध्ये प्रोग्रॅम रन करायची जोडी कोणती? कंट्रोल एफ नाइन. पुस्तकात छापलेली, जर्नलमध्ये लिहून घेतलेली, तोंडी परीक्षेत विचारली जाणारी. म्हणजे सांगितलं तसं वागणारा विद्यार्थी मरतो आणि पुस्तक न उघडलेला मेनूतून रन करून पास होतो. यापेक्षा चोख परीक्षा कुठल्या विद्यापीठाला आखता आली असती?

पुढे जा. या कंपायलरमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटांची. ३२,७६७च्या पुढे आकडा गेला की तो उलटा फिरून ऋण होतो. पोरांना पहिल्याच महिन्यात फॅक्टोरियलचा (एकपासून त्या आकड्यापर्यंतचे सगळे आकडे गुणायचा) प्रोग्रॅम देतात. सातपर्यंत सगळं छान, ५,०४०. आठ टाका. गणितात उत्तर ४०,३२०. लॅबमध्ये उत्तर उणे २५,२१६. भाचीनं तोच प्रोग्रॅम घरी मोबाइलवर चालवला, बरोबर आला. लॅबमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "सातपर्यंतच टाकायचं." हे का होतं ते कुणी सांगितलं असतं तर एक उत्तम धडा झाला असता, मेमरीत आकडे कसे राहतात ते त्या एका उणे चिन्हातून पोरांना कळलं असतं. पण नाही. सातपर्यंतच टाकायचं.

आणि सुरुवातीला पडदा पुसणारं क्लीअर स्क्रीन नाही लिहिलं तर अर्धा मार्क कापायचा, कारण जर्नलमध्ये ते आहे. शेवटी किल्ली दाबेपर्यंत थांबवणारं गेट-सीएच हवंच. मेनच्या, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या भागाच्या, आधी व्हॉइड हवं. एखाद्या पोरीनं बाहेर शिकून इंट मेन लिहिलं, जे खरं तर बरोबर आहे, तर तिला उभं करून विचारायचं, "हे कुठून आणलंस?" सी प्लस प्लसचं पहिलं स्टँडर्ड १९९८ साली आलं. म्हणजे आपण शिकवतो ते, भाषा ठरण्याच्याही आधीचं. आजच्या भाषेतल्या रोजच्या सोयी त्यात नाहीत: स्ट्रिंग नाही, व्हेक्टर नाही, नेमस्पेस नाही. पोरगी नोकरीच्या मुलाखतीला जाऊन त्या जुन्या काळातलं 'आयोस्ट्रीम डॉट एच' लिहिते आणि समोरचा माणूस हसू दाबतो. तो काय विचार करतो माहितीय? हिच्या कॉलेजातलं कुणी आता नको, असा.

हे मी ग्रुपवर लिहिलं. तेव्हा एक जण बोलता झाला. आमच्यातलाच, एका कॉलेजात विभागप्रमुख, अभ्यास मंडळावरही बसतो. त्यानं लिहिलं, "अरे, पण त्यानं बेसिक पक्कं होतं."

पुरे झाला उपरोध. आता सरळ बोलतो.

कसलं बेसिक पक्कं होतं? चुकीचं उत्तर आलं तर आकडा लहान करा, हे बेसिक? सर, तुम्ही आणि मी १९९५ साली एकाच मशीनवर दोघं बसून शिकलो. तेव्हा ते टर्बो जेमतेम तीन-चार वर्षांचं होतं. आपण त्याच्यावर जीव टाकला, कारण ते त्या वेळचं सगळ्यात झटपट काम करणारं सॉफ्टवेअर होतं. त्याआधीची मंडळी एडिटरची फ्लॉपी काढ, कंपायलरची घाल, लिंकरची शोध, असं करत बसायची. इथे एकाच स्क्रीनवर लिहायचं, तिथेच चालवायचं, चूक झाली की कर्सर स्वतःहून त्या ओळीवर जाऊन उभा. केवढी चैन होती ती! आपल्याला जे आवडलं ते नवेपण होतं. त्याच १९९५ साली आपल्या सरांनी ३० वर्षांपूर्वीची पंच कार्डं आणून टेबलावर ठेवली असती आणि म्हटलं असतं, बेसिक पक्कं होतं, तर तुम्हीच सगळ्यात पुढे उभं राहून प्राचार्यांच्या केबिनवर मोर्चा नेला असता. मला आठवतंय, प्रिंटरच्या कागदासाठी नेला होता तुम्ही.

ज्याच्या टर्बो पास्कलमुळे 'टर्बो' हे नाव गाजलं तो अँडर्स हेल्सबर्गसुद्धा तिथे थांबला नाही. डेल्फी केलं, सी शार्प केलं, २०१२ साली टाइपस्क्रिप्ट आणलं. तो माणूस चार घरं बांधून पुढे गेला आणि तुम्ही त्याच्या पहिल्या घराच्या ओट्यावर पोरांना बसवून हजेरी घेताय. आणि पैसे नाहीत हे कारण सांगू नका. जीसीसी हा सी-चा दुसरा कंपायलर त्याच १९८७ सालातला आहे, टर्बो सीच्याच वयाचा. फुकट आहे, आजही दर वर्षी नवं व्हर्जन येतं, तुमच्या लॅबमधल्या जुन्यात जुन्या मशीनवर चालतं. तुम्हाला नवीन जर्नल लिहायचा कंटाळा आलाय, एवढीच गोष्ट आहे. जुनं जर्नल झेरॉक्स करून देता येतं. त्या आळसाला तुम्ही परंपरा म्हणता, आणि आम्ही ग्रुपवर बसून त्याला बदाम देतो. मीही दिला होता, मागच्या वर्षी, त्याच फोटोला. लाज वाटते.

अभ्यासक्रम बदलायला मीटिंगा लागतील, ठराव लागतील, मला कळतं. तोवर एक करा. लॅबमध्ये जा. डॉसबॉक्स सुरू करून कंट्रोल एफ वन दाबा, किल्ल्या बदलायचा बोर्ड उघडतो. त्यात खाली शटडाउन असं लिहिलेलं आहे. त्यावर क्लिक करा, कंट्रोल एफ नाइन काढून टाका, सेव्ह करा, बाहेर या. एका मशीनला एक मिनिट. तुमच्या लॅबमध्ये मशीन किती, तीस? पुढच्या बॅचची प्रॅक्टिकल सोमवारी आहे. शनिवारी अर्धा तास काढा.