होसोकावांचं जपानीपण कुठे शोधायचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

जपानी संगीतकार तोशिओ होसोकावांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर आणि तिखट लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा माणूस विशीत जर्मनीला गेला, जर्मनांकडून शिकला, जर्मन आणि इंग्रजी संहितांवर ऑपेरा लिहितो, ते होतात युरोपातल्या रंगमंचांवर. मग नो या जपानच्या जुन्या संगीत-नाट्यप्रकाराची फोडणी देऊन युरोपियनांना 'पूर्व' विकणाऱ्याला जपानी संगीतकार का म्हणायचं? शिवाय एकही चाल लक्षात राहत नाही. आपल्याकडे संगीत नाटक पाहून लोक पदं गुणगुणत घरी जायचे.

आधी 'जर्मनांकडून शिकला' हे पाहू. हिरोशिमात 1955 साली जन्मलेले होसोकावा 1976 मध्ये बर्लिनला गेले ते संगीतकार इसांग युन यांच्याकडे. युन कोरियन. 1967 साली दक्षिण कोरियाच्या गुप्तचर खात्याने त्यांना पश्चिम बर्लिनमधून पळवून सोलला नेलं, हेरगिरीच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं. स्ट्राव्हिन्स्की, कारायान अशा संगीतातल्या बड्या मंडळींनी निषेध केला आणि 1969 मध्ये ते सुटले. तुरुंगात असतानाही त्यांनी ऑपेरा लिहून पुरा केला होता. पुढे फ्रायबुर्गमध्ये होसोकावा क्लाउस हूबर आणि ब्रायन फर्नीहो यांच्याकडे शिकले. हूबर स्विस, फर्नीहो इंग्रज. रचना शिकवणाऱ्या या तिघांत जन्माने जर्मन एकही नाही!

युन यांच्याकडून काय मिळालं हे जास्त महत्त्वाचं. युरोपीय संगीतात एकटा स्वर हा बहुधा कच्चा माल असतो; अनेक स्वर जोडले की विषय तयार होतो. युन म्हणत, पूर्व आशियाई परंपरेत एक लांब स्वर स्वतःच जिवंत असतो: तो उगवतो, थरथरतो, वाकतो, विरतो. त्यांची अख्खी रचनापद्धती अशा 'मुख्य स्वरा'भोवती उभी आहे. गायकाने पहिला षड्ज लावला की बैठकीत काय होतं हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नसावी.

आपल्या देशातलं जुनं संगीत होसोकावांनी मन लावून ऐकलं ते बर्लिनमध्ये राहायला गेल्यावर, आणि ते नीट शिकून घे असं मागे लागणाऱ्यांत हूबर होते. तुमच्या लेखी हा बहुधा आणखी एक पुरावा ठरेल. मला त्यात संशयास्पद काही दिसत नाही. घरात कानावर पडणारी गोष्ट दूर गेल्यावरच ऐकू येते, असं कितीतरी कलावंतांचं झालंय.

आता फोडणीबद्दल. जपानी दरबारी संगीतात, म्हणजे गागाकूत, शो नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य असतं. माउथ ऑर्गनसारखं ते श्वास सोडताना वाजतं तसंच घेतानाही, त्यामुळे नाद तुटत नाही, नुसता फुगतो आणि ओसरतो. होसोकावांनी शोसाठी लिहिलं आहेच. पण ते वाद्य नसलेल्या रचना ऐका. बर्लिन फिलहार्मोनिकने सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली 2011 मध्ये प्रथम सादर केलेला हॉर्न कॉन्चेर्टो, म्हणजे हॉर्न हे पितळी फुंकवाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, घ्या. कमळ उमलण्याचा क्षण हा त्याचा विषय, हॉर्न म्हणजे फूल आणि वाद्यवृंद म्हणजे भोवतालचं पाणी. वाद्यवृंद नेहमीचाच, युरोपीय. तरी सगळा नाद श्वासाच्या लयीत आत-बाहेर होतो. सुलेखनाचा दाखला ते स्वतः देतात: कुंचला कागदाला टेकण्याआधी हवेत फिरतो, तिथेच रेघ सुरू झालेली असते. त्यांचे स्वरही असे शांततेतून येतात आणि शांततेत जातात. फोडणी वरून घालतात. इथे वरचं सगळं पाश्चात्त्य आहे आणि आतलं जपानी.

रंगमंचांचा मुद्दा मात्र खराच आहे. 'व्हिजन ऑफ लिअर' म्युनिकला (1998), 'हांजो' एक्स-अँ-प्रोव्हान्सला (2004), 'मात्सुकाझे' ब्रसेल्सला (2011). नवा ऑपेरा उभा करायचा तर गायक, वाद्यवृंद, तालमींचे महिने आणि पैसा लागतो. तो देणारी ऑपेरागृहं जिथे आहेत तिथे संगीतकार जातो, आणि भाषाही त्यानुसार ठरते.

पण 2016 साली हांबुर्गमध्ये झालेल्या 'श्टिलेस मेर' (शांत समुद्र) या ऑपेराकडे बघा. फुकुशिमात राहणारी क्लाउडिया ही जर्मन बाई. त्सुनामीत तिचा नवरा आणि मुलगा गेले, पण मुलाचा मृत्यू ती मानायला तयार नाही. तिला सावरायला आधार घेतला जातो तो 'सुमिदागावा' या नो नाटकाचा, हरवलेल्या मुलाला शोधत नदीकाठी आलेल्या आईच्या कथेचा. याच नाटकावरून इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटननेही 1964 मध्ये 'कर्ल्यू रिव्हर' केलं होतं. तो मूळ नाटक जपानमध्ये पाहून भारावला आणि कथा इंग्लंडच्या दलदलीत, ख्रिस्ती मठात नेऊन बसवली. होसोकावा आणि मूळ कथा देणारे ओरिझा हिराता उलट करतात: शोकात अडकलेली बाई जर्मन आणि शोक कसा करावा हे शिकवणारी परंपरा जपानी. हांबुर्गच्या प्रेक्षकाला 'पूर्व' विकायचा असता तर यापेक्षा सोपे मार्ग होते.

चालीचं म्हणाल, तर बालगंधर्वांचं माप मलाही प्रिय आहे, पण ते इथे लावू नका. त्या मापात आजचा बहुतेक युरोपीय ऑपेराही बसणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर बोट दुसरीकडे ठेवलं असतं. होसोकावा स्वतःला फार पुन्हा पुन्हा सांगतात. स्वर शांततेतून येणार, फुगणार, ताशा-घंटांच्या कल्लोळात फुटणार, विरणार. समुद्र असो, कमळ असो की भूकंप, वळण तेच. 'मात्सुकाझे'त ते पूर्ण शोभतं, कारण तिथे दोन बहिणींची भुतंच एका आठवणीत फेऱ्या मारताहेत. 2018 च्या श्टुटगार्टच्या ऑपेरात, जर्मन लेखक क्लाइस्टच्या कथेतला जमाव खुनावर उठतो तेव्हा, मला तीच संथ लाट अपुरी वाटली. लेखिका योको तावादांच्या बहुभाषिक संहितेवरचा 'नताशा' हा ऑपेरा 2025 च्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या न्यू नॅशनल थिएटरमध्ये आला, म्हणजे रंगमंचाबद्दलची तुमची तक्रार तेवढ्यापुरती मिटली. त्यावर स्वतंत्र लिहायचं आहे. तोवर हॉर्न कॉन्चेर्टो एकदा हेडफोन लावून ऐका, आणि तरीही फोडणीच वाटली तर जरूर लिहा.