रजिस्ट्री बदलली तरी फोल्डर उथळच ठेवा

नमस्कार. तुम्ही मुद्देसूद लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. फोल्डरात फोल्डर फार करू नका, नावं आखूड ठेवा, हा माझा सल्ला तुम्हाला कालबाह्य वाटतो. फाइलच्या पाथला, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतच्या पूर्ण पत्त्याला, असलेली 260 अक्षरांची मर्यादा विंडोज 10मध्ये 2016 सालीच उठली, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एक नोंद बदलली की काम झालं आणि लिनक्सवर तर हा प्रश्नच नाही, असं तुमचं म्हणणं.

विंडोज 10च्या 1607 या आवृत्तीपासून ती सोय आहे, हे खरं. पण ती नोंद ही फक्त विंडोजची परवानगी. प्रत्येक प्रोग्रामने आपल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीपत्रकात, 'मला लांब पाथ चालतात' असं वेगळं जाहीर करावं लागतं. ही दुसरी अट घालायला सबळ कारण आहे. असंख्य जुन्या प्रोग्राममध्ये पाथसाठी मेमरीत नेमक्या 260 जागा राखलेल्या असतात: ड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, 256 अक्षरं आणि पाथ संपल्याची खूण म्हणून शेवटी शून्य. अशा प्रोग्रामच्या हाती एकदम 400 अक्षरांचा पाथ आला, तर तो शेजारच्या मेमरीत घुसून तिथला मजकूर बिघडवू शकतो. म्हणून जुने प्रोग्राम जुन्याच मर्यादेत ठेवले आहेत. एक्सेलची तर स्वतःची 218 अक्षरांची मर्यादा आहे, तिचा रजिस्ट्रीशी संबंधच नाही.

खरा धोका मला यापुढे दिसतो. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल साठवण्याची पद्धत) वापरणारी डिस्क सुमारे 32,767 अक्षरांपर्यंतचा पाथ सांभाळते, त्यामुळे फाइल तयार होते, टिकतेही. फक्त रोजच्या वापरातल्या प्रोग्रामला ती उघडता येत नाही. वरच्या एखाद्या फोल्डरचं नाव लांब केलं, तर आतल्या फाइलींचे पाथ किती वाढले हे विंडोज तपासत नाही. ऑफिसात सर्व्हरवरचा खोल फोल्डर 'झेड' ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो. कर्मचाऱ्याला पाथ आखूडच दिसतो, आणि सर्व्हरवर बॅकअप घेणारा जुना प्रोग्राम मात्र पूर्ण पाथ पाहून ती फाइल वगळतो. हे कळतं ते बॅकअपची गरज पडते त्या दिवशी.

आता लिनक्स. तिथे पूर्ण पाथला 4096 बाइट मिळतात, पण एका नावाला 255 बाइटच. बाइट, अक्षरं नव्हेत. आपण मराठीत नावं देतो तेव्हा हा फरक फार महागात पडतो, कारण यूटीएफ-8मध्ये, म्हणजे लिनक्सवर नावं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'ग्रामपंचायत मासिक सभेचे इतिवृत्त' हे नाव घ्या. डोळ्यांना 16 अक्षरं दिसतात. विंडोज मोकळ्या जागांसह 32 मोजतं. लिनक्स 90 बाइट मोजतं, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त जागा संपली; पुढे गाव, तारीख, विषय जोडला की मर्यादा आलीच. विंडोजवर बिनतक्रार चाललेलं नाव लिनक्सवर चालणाऱ्या स्टोरेजवर कॉपी होत नाही. त्यावर ई-क्रिप्टएफएस या लिनक्समधल्या सोयीने फाइली कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केल्या असतील तर नावाला 143 बाइटच उरतात, म्हणजे देवनागरीची जेमतेम 47 चिन्हं.

म्हणून इंग्रजी नावं द्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. जुनी इतिवृत्तं, दस्त, हस्तलिखितं स्कॅन करून मराठी नावांनी जपणारी माणसं फार मोलाचं काम करताहेत आणि ती नावं मराठीतच राहिली पाहिजेत. फक्त जे फोल्डरच्या नावात आलंय ते फाइलच्या नावात पुन्हा लिहू नका, आणि सविस्तर वर्णनासाठी सोबत एक यादी ठेवा.

तुमच्याकडे आधीच अडकलेल्या फाइली असतील तर 'सब्स्ट' कमांडने मधल्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर द्या, पाथ तेवढा आखूड होतो. मोठा साठा हलवायचा असेल तर विंडोजमधली रोबोकॉपी ही कॉपी करण्याची कमांड वापरा, तिला लांब पाथ चालतात. रजिस्ट्रीतला बदलही तुमच्या मशीनवर जरूर राहू द्या. मात्र ती फाइल ज्यांच्याकडे जाणार आहे, त्यांच्या मशीनवर तो केलेला असेलच असं धरून चालू नका.