वाळवंटाच्या नावावर बिल फाडू नका

थंडी पडली की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. म्हणणं असं: पुण्यावरचं धुरकं म्हणजे राजस्थानातल्या थर आणि आखातातल्या वाळवंटाची धूळ, ती नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, आणि वाळवंटाला कोण आवरणार? तेव्हा बांधकामं नि गाड्यांच्या नावानं ओरडू नका. हे शेवटचं वाक्य कोणाच्या सोयीचं आहे ते उघड आहे, पण असो.

धूळ येते, हे खरंच. 23 जानेवारी 2022 ला पाकिस्तानकडून आलेल्या धुळीनं मुंबई-पुणे झाकोळलं होतं. पण ती एक-दोन दिवसांची पाहुणी, आणि मेसेज तिला अख्खा हिवाळा बहाल करतो. थरमधली वादळं मुख्यतः एप्रिल ते जूनमधली. आखातातला ‘शमाल’ वारा जून-जुलैत जोर धरतो, तेव्हा पुण्यात पावसाळा असतो. आपली हवा सर्वांत वाईट होते ती साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत. वारा पडलेला, रात्री जमीन गार होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खाली आपण जे सोडू ते तिथंच कोंडतं. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या टेकडीवर सकाळी जाणाऱ्यांना कोथरूडवरचा तो करडा पट्टा पाठ आहे. ऊन चढलं की तो विरतो, संध्याकाळी ट्रॅफिक वाढला की पुन्हा जमायला लागतो. वाळवंट पुण्याच्या ऑफिसच्या वेळा पाळतं म्हणायचं का?

कणांचा आकारही बघा. वाळवंटी धूळ बहुतांशी जाडी, त्यामुळे ती आली की पीएम 10 चा (10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा पीएम 2.5 च्या (2.5 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांच्या) कितीतरी पुढे उडी मारतो. हिवाळ्यात बारीक कणांचा वाटा वाढलेला दिसला, तर ते जळण्याचं लक्षण: डिझेल, पेटवलेला कचरा, वॉचमनची शेकोटी.

बरं, जाडी धूळ तरी बाहेरची का? 2010 च्या सुमारास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं सहा शहरांतले स्रोत शोधले. पुण्याचा अभ्यास त्याच टेकडीवरच्या एआरएआयनं केला, आणि पीएम 10 मध्ये रस्त्यावरची धूळ मोठी भागीदार निघाली. त्यासाठी खरं तर अभ्यासही नको. पहाटे झाडणारी बाई खराट्यानं डिव्हायडरला लागून मातीची रांग लावते. ढकलगाडी ती उचलायला येईपर्यंत दोन पीएमटी बस त्यावरून जातात आणि रांग पुन्हा हवेत. त्यात साइटवरून बाहेर पडणाऱ्या डंपरच्या चाकांचा चिखल वाळून रोज भर घालतो.

‘नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी’ यावर फार लिहायला नको. सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो तो दगडाच्याच धुळीनं. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम 10 ची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 45 मायक्रोग्रॅम आहे, आपली 100, आणि दोन्हींत वाळवंटी धुळीला वेगळी सूट नाही.

गंमत म्हणजे खुद्द वाळवंटातही हा युक्तिवाद टिकत नाही. 2017 मध्ये संशोधकांनी जहाजातून अरबी द्वीपकल्पाला वळसा घालत हवा मोजली. 2022 मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की तिथल्या घातक बारीक कणांपैकी 90 टक्क्यांहून अधिक मानवनिर्मित होते. भोवती वाळूच वाळू असलेल्यांनाही सगळं वाळूवर ढकलता येत नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, हवेची मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत पुणे 2019 मध्येच आलं. ग्रुपवर विचारायचंच असेल तर हे विचारा: आपल्या वॉर्डात झाडणारं यंत्र कोणत्या रस्त्यावर, किती वाजता फिरतं, आणि शेजारच्या साइटवर डंपरची चाकं धुवायची सोय आहे का?