विंध्याची कड, बाराही महिने

जुलै उजाडला की इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत एकच बेत शिजू लागतो, तो म्हणजे रविवारी पाताळपाणीच्या धबधब्याला जाण्याचा. त्याला माझी हरकत नाही. बाबांचे बोट धरून मीही लहानपणापासून तिथे जात आलो आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्या जवळच्या डोंगरांना आपण पावसाळ्यातले चार-सहा रविवार देतो आणि उरलेले वर्षभर त्यांच्याकडे पाठ फिरवतो, हे बरे नाही.

माळव्याचे सपाट पठार शहरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर एकाएकी संपते आणि खाली निमाडचा मुलूख दिसू लागतो. ही विंध्याची कड आपल्या इतकी जवळ आहे, हे आपले भाग्यच म्हणायचे. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर गेल्या मार्गशीर्षात आम्ही सहकुटुंब गेलो होतो. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून लोक तिथे श्रद्धेने जातात आणि चंबळेचा उगमही तिथलाच. चंबळ उत्तरेकडे वाहत यमुनेला मिळते, तर याच डोंगराळ भागातले दक्षिणेकडचे ओढे-नद्या नर्मदेकडे उतरतात. म्हणजे शेजारी शेजारी पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक बंगालच्या उपसागराला आणि दुसरा अरबी समुद्राला जाऊ शकतो. हे सांगितल्यावर माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने बाटलीतले उरलेले पाणी अर्धे एका उतारावर आणि अर्धे दुसऱ्या उतारावर ओतले, आणि ते मातीत जिरेपर्यंत ती उकिडवी बसून पाहत राहिली. भूगोलाचा तो धडा तिला पुन्हा शिकवावा लागणार नाही.

थंडीतच जाम दरवाज्याला जावे, असे माझे ठाम मत आहे. अहिल्याबाईंच्या काळात, 1791 साली, बांधलेला हा दरवाजा महेश्वरकडे उतरणाऱ्या घाटाच्या माथ्यावर उभा आहे. पावसाळ्यात तिथे बहुधा धुके असते आणि गर्दीमुळे धड उभेही राहता येत नाही. पौषातल्या स्वच्छ सकाळी मात्र खालचा निमाड दूरवर उलगडलेला दिसतो. दशम्या, लसणाची चटणी आणि थर्मासमधला चहा घेऊन कोवळ्या उन्हात बसावे, याहून अधिक काही लागत नाही.

आईला आता मोठा चढ झेपत नाही. तिच्यासाठी आम्ही रालामंडलला जातो. होळकरांची जुनी शिकारकोठी माथ्यावर असलेले हे अभयारण्य शहराला अगदी लागून आहे, आणि दमले की थांबत, सावलीत टेकत, सावकाश चालता येते. तिच्या वयाच्या माणसांना आपण "तुम्ही घरीच थांबा" असे फार सहज म्हणून टाकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वैशाखातले पाताळपाणी तर फारच थोड्यांनी पाहिले असेल. धार आटलेली असते आणि एरवी पाण्याआड दडणारा काळा कातळ, थरावर थर रचल्यासारखा, उघडा पडतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे ते थर आहेत. तो कोरडा कातळ पाहिला की पावसाळ्यातल्या लोंढ्याची ताकदही कळते. वरच्या बाजूला पाऊस झाला, तर इथे ऊन असतानाही पाणी काही क्षणांत चढते. 2011 च्या जुलैत सहलीला आलेल्या एका कुटुंबावर तिथे जो प्रसंग ओढवला, तो इंदूरकर विसरलेले नाहीत. म्हणून प्रवाहात उतरून फोटो काढणाऱ्यांना मी दर वेळी थांबवतो. ते रागावतात, पण मी पुन्हा सांगतो. मोठ्याने गाणी लावून चिप्सची रिकामी पाकिटे तिथेच टाकणाऱ्यांनाही सांगतो.

आणि फाल्गुनात चोरलच्या वाटेवर जा. सागाची पाने गळून रान मोकळे झालेले असते आणि त्यात पळस पेटलेला असतो. रस्त्याकडेला गाडी लावून आम्ही पायी आत जातो आणि फक्त झाडाखाली गळलेली फुले वेचतो, फांदीला हात लावत नाही. आई ती फुले रात्रभर तांब्याच्या घंगाळात भिजवते, सकाळी पाणी उकळून त्यात चिमूटभर चुना टाकते, आणि पिवळट पाणी बघता बघता गडद केशरी होते. आमच्या घरची रंगपंचमी गेली चार वर्षे याच रंगाने होते.