आउटपुट कार्ड घेतलं म्हणजे रंग अचूक?

डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग आणि कलरच्या सॉफ्टवेअरबद्दल एडिटिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा सल्ला सारखा फिरतो: ‘डाविंची रिझॉल्व्हसाठी आउटपुट कार्ड घ्या, एचडीएमआयने मॉनिटर जोडा, डेटा लेव्हल फुल आणि रिफ्रेश 60 हर्ट्झ ठेवा. रंग अचूक मिळतील, बाकी काही बघायला नको.’ यातलं ‘कार्ड घ्या’ तेवढं मान्य.

‘कार्डाने रंग अचूक होतात.’
डेकलिंक मिनी मॉनिटर किंवा अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर 3जी (नावात ‘मॉनिटर’ असलं तरी ही आउटपुटची साधनं, पडदे नव्हेत) रंग सुधारत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम आणि ग्राफिक्स ड्रायव्हरला बगल देऊन टाइमलाइनचा सिग्नल जसाच्या तसा बाहेर काढणं, एवढंच त्यांचं काम. मॉनिटर निळसर असेल तर चित्रही निळसरच दिसणार. शिवाय संगणकात भरलेलं आयसीसी प्रोफाइल (मॉनिटरचे रंग दुरुस्त करणारी फाइल) या वाटेवर लागू होत नाही. म्हणून कॅलिब्रेशन मॉनिटरमध्येच साठवायचं. ती सोय नसेल तर थ्रीडी लट (LUT, म्हणजे रंग बदलण्याचा तक्ता) बनवून प्रोजेक्ट सेटिंग्जच्या कलर मॅनेजमेंटमध्ये ‘व्हिडिओ मॉनिटर लुकअप टेबल’ला लावायचं. अंधाऱ्या खोलीत एसडीआरसाठी (एचडीआर नसलेल्या साध्या व्हिडिओसाठी) लक्ष्य रेक. 709 हे रंगांचं मानक, गॅमा 2.4, पांढऱ्यासाठी डी65 आणि उजेड 100 निट.

‘केबल जोडली की चित्र येतं.’
येतंच असं नाही. आधी कार्डाचं ‘डेस्कटॉप व्हिडिओ’ सॉफ्टवेअर टाकून मशीन रीस्टार्ट करा. मग रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमधल्या ‘व्हिडिओ अँड ऑडिओ आय/ओ’त कार्ड निवडा आणि प्रोजेक्ट सेटिंग्जच्या मास्टर सेटिंग्जमध्ये ‘व्हिडिओ मॉनिटरिंग’चा फॉरमॅट टाइमलाइनच्या फ्रेमरेटशी जुळवा. सेकंदाला 25 फ्रेमची टाइमलाइन असेल तर 1080पी 25. विंडोजच्या डिस्प्ले यादीत हा मॉनिटर दिसत नाही, म्हणून बरेच जण कार्ड बाद ठरवून परत करायला निघतात. तो तिथे दिसायचाच नसतो. पडदा काळाच राहिला तर मॉनिटरच्या माहितीपत्रकात बघा: संगणकाचे बरेच मॉनिटर 24 किंवा 25 चा सिग्नल घेतच नाहीत, टीव्ही सहसा घेतात.

‘डेटा लेव्हल फुल ठेवा, काळा रंग गडद येतो.’
सगळ्यात जास्त नुकसान या ओळीने होतं. डेटा लेव्हल म्हणजे काळा आणि पांढरा कोणत्या आकड्यांवर धरायचा ते. 8 बिटमध्ये व्हिडिओ लेव्हलचा काळा 16 वर, पांढरा 235 वर. फुलमध्ये 0 आणि 255. मॉनिटर व्हिडिओ लेव्हल धरून बसलाय आणि कार्ड फुल पाठवतंय, तर 16 च्या खालचं सगळं काळ्यात बुडतं. हाच तो ‘गडद काळा’! मग एडिटर सावल्या उचलत बसतो आणि तीच फाइल फोनवर धुरकट दिसते. व्हिडिओ मॉनिटरिंगमधली ही सेटिंग एक्स्पोर्टला हात लावत नाही. बिघडतो तो आपला अंदाज.

तपासायला दोन मिनिटं लागतात. जनरेटर्समधला एसएमपीटीई कलर बार टाइमलाइनवर टाका आणि खाली उजवीकडच्या काळ्या भागातल्या बारीक उभ्या पट्ट्या बघा. फक्त उजवीकडची पुसटशी दिसायला हवी. तीही गायब असेल तर कार्ड फुलवर आणि मॉनिटर व्हिडिओवर आहे. काळा राखाडी होऊन पट्ट्या ठळक दिसल्या तर नेमकं उलटं. कार्ड व्हिडिओवर ठेवा आणि मॉनिटरमधली ‘आरजीबी रेंज’ किंवा टीव्हीतली ‘ब्लॅक लेव्हल’ त्याला जुळवा.

‘60 हर्ट्झ सर्वांत स्मूथ.’
कार्डाच्या वाटेवर विंडोजचा रिफ्रेश लागतच नाही. थेट ग्राफिक्स कार्डातून बघत असाल तर 25 फ्रेमचं फुटेज 60 वर समान बसत नाही: काही फ्रेम दोनदा, काही तीनदा. पॅनमध्ये (कॅमेरा आडवा फिरताना) झटके दिसतात आणि दोष कॅमेरामनवर जातो. मॉनिटर घेत असेल तर 50 हर्ट्झ लावा. भारतात टीव्हीसाठीचं काम 25 वरच चालतं, त्यामुळे हे इथे रोजचंच.

मॉनिटर म्हणून टीव्ही लावला असेल तर मोशन स्मूदिंग, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) आधी बंद. अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर 3जी 1080पी 60 च्या पुढे जात नाही. 4के टाइमलाइनचे रंग त्यावर खुशाल बघा, फोकस मात्र तपासू नका.