कोड खुला आहे ना? मग झोपा निवांत

नवं क्रिप्टो नाणं घेताना मनात शंका आलीच, तर प्रकल्पाच्या गिटहब पानावर (कोड जिथे सगळ्यांना दिसेल असा ठेवतात ती साइट) जा आणि किती तारे, म्हणजे लोकांच्या पसंतीच्या खुणा, मिळालेत ते मोजा. आत शिरू नका. कोड सगळ्यांसाठी खुला आहे म्हणजे सगळ्यांनी वाचलेलाच असणार. तुम्ही तेवढे राहून गेलात, चालायचंच.

कुणी शहाण्याने चूक दाखवली तरी घाबरायचं नाही. २०१६ मध्ये ईथेरियम या ब्लॉकचेनवरच्या ‘द डाओ’ या सामायिक गुंतवणूक निधीत लोकांनी सुमारे १५ कोटी डॉलरचे ईथर (तिथलं नाणं) ओतले. खात्यातली शिल्लक वजा करण्याआधीच पैसे हातावर ठेवणारा तो कोड! जाणकार बोंबलू लागले, तेव्हा १२ जूनला कर्त्यांपैकी एकाने निधी सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. १७ जूनला ३६ लाख ईथर वळते झाले. कुणीतरी कोड मन लावून वाचला होता म्हणायचा.

सूचनांचंही तसंच. जुलै २०१७ मध्ये पॅरिटी कंपनीच्या वॉलेटांतून, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या डिजिटल पाकिटांतून, चोरी झाली, कोड दुरुस्त झाला. पण ही वॉलेटं ज्या सामायिक लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) चालायची, तिला मालक नव्हता. ते भोक बुजेल असा बदल कुणीतरी ऑगस्टमध्ये गिटहबवर सुचवला. ‘सोयीची सुधारणा’ म्हणून तो मागे पडला. नोव्हेंबरमध्ये एक अनोळखी वापरकर्ता त्या लायब्ररीचा मालक झाला, त्याने ती नष्ट केली आणि पाच लाखांवर ईथर गोठले. चुकून झालं, असं त्याने गिटहबवरच कळवलं. पारदर्शकता आणखी किती हवी?

डेव्हलपर कोण, हे तर विचारूच नका. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आठवड्याला लाखो वेळा डाउनलोड व्हायची. ती फुकट सांभाळून कंटाळलेल्या कर्त्याकडे एकाने मदतीची तयारी दाखवली आणि २०१८ मध्ये किल्ल्या त्याच्या हाती गेल्या. (दोष त्या कर्त्याला देऊ नये. लायब्ररी वापरून कमावणाऱ्यांपैकी कितीजण त्याच्या मदतीला आले होते?) नव्या पाहुण्याने ‘कोपे’ वॉलेटमधले बिटकॉइन लांबवणारा कोड हळूच जोडला. त्या ओळी गिटहबवर नव्हत्याच, एनपीएम या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांच्या कोठारातून उतरणाऱ्या फाइलीत होत्या. गिटहबवरचा कोड जागून वाचणाऱ्याची नुसती झोपमोड!

एवढ्यावरही मन मानत नसेल, तर ऑडिटचा, म्हणजे कोडतपासणीचा, अहवाल मागा. त्यात ‘क्रिटिकल’ (अतिगंभीर चूक) असं लाल अक्षरांत दिसलं, तर समोर ‘अ‍ॅकनॉलेज्ड’ (म्हणजे ‘कळलं’, ‘दुरुस्त केलं’ नव्हे) लिहिलंय ना, तेवढं बघा आणि पैसे भरा.